उजवीकडची खुर्ची

"सिग्नल दिसला की मोठ्यानं बोलायचं. मनातल्या मनात नाही. शेजारच्यानं ऐकून तेच परत बोलायचं. दोघांचं जुळलं तर पुढे. नाही जुळलं... तर थांबायचं. कोण खरा, ते मागून बघू."

आबांचं हे बोलणं कांचनताईच्या कानात अजून जसंच्या तसं आहे.

कांचनताई माझी थोरली बहीण. ही हकीकत तिच्या घरची. बडोद्याची, तरसालीची, मागच्या मार्गशीर्षातली. देवापुढचा दिवा तेवत असताना लिहायला बसले आहे, तेव्हा पदरचं काही घालणार नाही. कोणाला पटो, न पटो.

आणि हे मध्यरात्रीचं नाही. सगळं घडलं ते दिवेलागणीला, नाहीतर लख्ख उन्हात. घरात दिवे होते, शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, सोसायटीत पोरं पतंग उडवत होती.

म्हणूनच जास्त भीती वाटते.

ताईच्या घरात माणसं चार. ती, तिचे यजमान श्रीपतराव, लेक भक्ती आणि सासरे उदयसिंहराव, म्हणजे आबा. श्रीपतराव रिफायनरीत. त्या महिन्यात त्यांची दुसरी पाळी होती, त्यामुळे संध्याकाळी घरात नसत. आबा रेल्वेतले जुने ड्रायव्हर. उभा जन्म इंजिनात गेला. म्हातारपणी काचबिंदूनं डोळे नेले, पण कान असे तीक्ष्ण की लांबून गाडीचा भोंगा ऐकला तरी सांगायचे, "मालगाडी आहे. भरलेली आहे."

भक्ती त्यांची लाडकी. पोरीनं परीक्षा दिली आणि थेट असिस्टंट लोको पायलट म्हणून निवडली गेली. इंजिनात ड्रायव्हरच्या उजवीकडे बसायचं, सिग्नल बघायचे, मोठ्यानं सांगायचे. उत्तरायण झालं की ट्रेनिंगला जायचं होतं.

त्या आनंदात तिच्या मामानं तिला हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर घेऊन दिला. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. त्यावर आगगाडी चालवायचा गेम. कोणा शौकिनानं त्यात आपला बडोदे-सुरत रस्ताही बनवून टाकलेला. विश्वामित्री, मकरपुरा, वरणामा... सगळी स्टेशनं, सगळे सिग्नल. स्टेशनात शिरतानाचा होम, सुटतानाचा स्टार्टर.

मग रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत गाडी सुटायची. वेताच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी. डावीकडे भक्ती, कारण ड्रायव्हर डावीकडे बसतो. उजवीकडे आबा.

"होम हिरवा!" भक्ती हात पुढे करून बोलायची.

"होम हिरवा," आबा परत बोलायचे. "वेग किती?"

"शंभर."

"पुढे वळण आहे. कमी कर, चहा सांडेल."

"आबा, गेममधे चहा नसतो."

"मग कसलं डोंबलाचं इंजिन ते! सूनबाई, दोन कप टाका. ड्रायव्हरसाहेब उपाशी चालवतायत."

ताई आतून हसायची. तिला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. पण आंधळ्या आजोबांना नातीनं परत इंजिनात बसवलंय, एवढं तिला पुरत होतं.

मग आबा शहराच्या दुसऱ्या टोकाला, छाणीला गेले. पुतण्याकडे सत्यनारायण होता, त्यानं आग्रहानं आठवडाभर ठेवून घेतलं.

आणि भक्ती एकटी गाडी चालवू लागली.

इथेच चूक झाली. चूक तरी कशी म्हणायची? शिस्त होती ती. एकट्यानं खेळताना कोणी मोठ्यानं बोलत नाही. बोललं तरी उत्तराची वाट बघत नाही. पण भक्ती आबांच्या हाताखाली शिकलेली. ती सिग्नल बोलायची आणि थांबायची. शेजारच्यानं परत बोलायचं असतं ना, तेवढी जागा सोडायची.

रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून.

पहिल्या दिवशी काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई ओट्यापाशी मेथी निवडत होती. पुढच्या खोलीतून लेकीचा आवाज आला.

"स्टार्टर हिरवा."

मग शांतता.

आणि मग, अगदी हळू, पुरुषी आवाजात...

"मोकळं... जाऊ द्या."

ताई मनात म्हणाली, आबांचा घसा बसलेला दिसतोय, हळदीचं दूध द्यावं.

तिनं दूध गॅसवर ठेवलं, हळदीचा डबा काढला...

आणि हात तिथेच थांबला.

आबा छाणीला होते.

ती बाहेर आली. भक्ती एकटीच. खेळण्यात गुंग. ताईनं स्वतःची समजूत घातली, गेममधलाच कोणीतरी बोलला असेल. रात्री श्रीपतराव आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. ते जेवता जेवता म्हणाले, "अगं, गेमवाले हल्ली काय काय घालतात त्यात. तू उगाच भुतं काढू नकोस."

पटलं तिला. झोपली.

पहाटे काकडा लावताना एकदम आठवलं...

संध्याकाळी भक्तीच्या दोन्ही कानांत इयरफोन होते. गेमचा आवाज खोलीत येतच नव्हता.

त्या दिवशी दुपारी शेजारच्या नीरूबेन कोथिंबीर मागायला आल्या. जाता जाता दारात थांबल्या.

"कांचनबेन, महेमान आव्या छे के शुं?"

"नाही तर. का?"

"काले सांजे कोई भाईनो अवाज आवतो हतो. बहु धीमुं बोले छे. तमारी छोकरी साथे रमे छे ने?"

पाहुणे आलेत का. कोणी पुरुष आहे, फार हळू बोलतो. तुमच्या मुलीबरोबर खेळतो.

ताईनं कोथिंबीर दिली. दार लावलं. आणि दाराला पाठ टेकून तशीच उभी राहिली.

त्या संध्याकाळी तिनं मुद्दाम लक्ष ठेवलं. तुळशीपाशी दिवा लावला आणि पुढच्या खोलीच्या दाराआड थांबली.

ताईच्या घरापासून रेल्वेची लाइन फार लांब नाही. दिवसभर गाड्यांची धडधड ऐकू येते. इतकी वर्षं ऐकून ती ऐकूच येनाशी झालेली. पण त्या संध्याकाळी ताईच्या ध्यानात आलं... भक्ती सिग्नल बोलली की लांबची धडधड थांबते. नीरूबेनचा टीव्ही थांबतो. पंख्याची घरघर थांबते. जसं सगळ्यांनी एकदम श्वास धरावा.

आणि मग...

"मोकळं... जाऊ द्या."

पुन्हा पंखा. पुन्हा टीव्ही.

ताईनं देवीचं नाव घेतलं. आत न जाता ती तशीच मागे फिरली.

जेवताना तिनं विषय काढला. "भक्ती, खेळताना तुझ्याशी कोण बोलतं गं?"

"कोण?" भक्ती म्हणाली. मग जरा वेळानं, "अच्छा, तो. आहे एक."

"एक म्हणजे?"

"आई, गेममधे असतात तसे. चिंता नको करूस."

"भात वाढू?"

साधा प्रश्न. पण भक्तीनं लगेच उत्तर दिलं नाही. तिनं मान वळवली. उजवीकडे. तिथे भिंत होती. क्षणभर थांबली, जशी कोणाच्या होकाराची वाट बघावी तशी...

आणि मग म्हणाली, "हो. वाढ."

ताईनं भात वाढला, पण तिची नजर त्या भिंतीवरून हटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी भाजीला गेल्या. हायवेच्या अलीकडचा रस्ता ओलांडायचा होता. डावीकडून टेम्पो येताना ताईला दिसत होता. भक्तीनं उजवीकडे मान केली. थांबली. आणि पाऊल पुढे टाकलं.

ताईनं दंड धरून मागे खेचलं म्हणून वाचली. टेम्पोवाला शिव्या देत गेला.

"डोळे कुठे आहेत तुझे?"

"अगं, मोकळं होतं ना," भक्ती म्हणाली. अगदी शांतपणे.

तेव्हा ताईला खरी भीती कळली. घरात काय शिरलं, कोण शिरलं, ते देव जाणे. पण महिन्याभरानं ही पोर ट्रेनिंगला जाणार होती, आणि मग खऱ्या इंजिनात बसणार होती. मागे डब्यांत झोपलेली माणसं. बायका, तान्ही मुलं. समोर लाल सिग्नल असेल... आणि ही उजवीकडे मान वळवून कोणाचं ऐकेल?

तो कॉम्प्युटर उचलून माळ्यावर टाकावा, असं तिच्या मनात आलं. पण भक्तीनं तर रस्त्यावर मान वळवली होती. तिथे कुठे कॉम्प्युटर होता?

गुरुवार उजाडला. मार्गशीर्षातला गुरुवार. ताईचं व्रत. दिवसभर उपास, संध्याकाळी देवीची पूजा, मग कहाणी. कलश मांडून झाला. ताईनं वातीला काडी लावली. तेवढ्यात पुढच्या खोलीतून आलं,

"स्टार्टर हिरवा."

ताई पूजेवरून उठली. व्रतातून उभ्या जन्मात कधी अशी मधे उठली नव्हती.

भक्ती डावीकडच्या खुर्चीत. पडद्याच्या उजेडात चेहरा निळा. आज कानांत इयरफोनही नव्हते. गेमचा आवाजही बंद. बिनआवाजाची गाडी पळत होती.

उजवीकडची खुर्ची रिकामी होती.

पण तिचा वेत... खाली झुकलेला होता. आबा बसल्यावर झुकतो तसा.

पडद्यावर एक खांब जवळ येत होता. त्यावरचा ठिपका ताईलाही दिसला. लालभडक.

"होम लाल," भक्ती बोलली. आणि थांबली.

पंखा थांबला. टीव्ही थांबला. देवघरातली ज्योतसुद्धा हलायची थांबली, असं ताई सांगते.

"मोकळं... जाऊ द्या."

भक्तीनं उजवीकडे पाहिलं. मान डोलावली. आणि समोर बघून म्हणाली,

"होम... हिरवा."

तिचा अंगठा पुढे सरकला. गाडीचा वेग वाढला.

खेळ आहे हा, ताई स्वतःला म्हणाली. नुसता खेळ. पण लेकीचे डोळे त्या लाल ठिपक्यावर होते, आणि त्यांना तो लाल दिसत नव्हता.

माझी ताई अशी बाई आहे की तिची हाक अंगणातून रस्त्यापर्यंत पोचत नाही. आमचे वडील थट्टेनं म्हणायचे, हिनं देवाला आळवलं तर देवालाच वाकून ऐकावं लागेल.

ती ओरडली.

"लाल!"

भक्ती दचकली.

"लाल आहे, भक्ती! होम लाल! लाल!"

"मोकळं..." तो आवाज.

"लाल!" ताई.

दोन आवाज. दोघांचं जुळत नव्हतं. आणि दोघांचं जुळलं नाही की काय करायचं, ते त्या पोरीच्या बोटांना ठाऊक होतं. तिनं करकचून ब्रेक दाबला. पडद्यावरची गाडी घसटत घसटत खांबाच्या अलीकडे थांबली.



मग उजवीकडच्या खुर्चीतून एक लांब सुस्कारा आला. वेत करकरला. आणि ताईच्या अगदी कानाशी, तिच्या मानेवरचे केस हलतील इतक्या जवळून...

"किती वेळ थांबायचं?"

रागाचा आवाज नव्हता तो. दमलेल्या माणसाचा होता. ताई म्हणते, राग असता तर बरं झालं असतं.

भक्ती आईच्या कुशीत शिरून हुंदके देऊ लागली. "आई, मला वाटलं गेममधलाच आहे. मग वाटलं, आपलं कोणीतरी आहे. तो ओरडत नाही गं. त्याला फक्त... जायची घाई आहे."

त्या संध्याकाळी कहाणी वाचून झाली ती भक्तीला मांडीशी घेऊन. नैवेद्य दाखवला आणि ताईनं छाणीला फोन लावला.

"आबा, घरात कोणीतरी आहे."

आबा आधी हसले. "चोर असेल तर चहा दे त्याला. आपल्याकडे न्यायला काय आहे?"

"चोर नाही. भक्तीला उत्तर देतंय. ती सिग्नल बोलते आणि कोणीतरी म्हणतं... मोकळं, जाऊ द्या."

ताईला वाटलं, फोन कट झाला.

"आबा?"

"उद्या सकाळी येतो," आबा म्हणाले. "तोवर उजवीकडच्या खुर्चीवर कोणी बसू नका."

सकाळी पुतण्यानं त्यांना रिक्षातून आणून सोडलं. आबा आत आले, काठी भिंतीला टेकवली आणि उजवीकडच्या खुर्चीसमोर उभे राहिले. हात लावला नाही. नुसतं ऐकत राहिले. मग स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले.

"बापू आहे," म्हणाले.

"कोण बापू?"

"माझा असिस्टंट. श्रीपत शाळेत जात होता तेव्हाची गोष्ट. सगळे 'हिरवा' म्हणायचे, हा पठ्ठ्या म्हणायचा, 'मोकळं, जाऊ द्या.' साहेबांनी दटावलं तरी सुधारला नाही. गाडी थांबलेली त्याला खपायची नाही. सदा घाई."

ताईनं चहा पुढे ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"त्याला ड्रायव्हरची ऑर्डर आली होती. पहिली गाडी मिळायची तेवढी बाकी होती, आणि कावीळ झाली. मी दवाखान्यात बघायला गेलो. डोळे पिवळेधमक. म्हटलं, बापू, सिग्नलला दोन पिवळे दिवे लागतात तसा आता तूच डबल पिवळा झालास की रे. हसला. मग म्हटलं, बरा हो लेका. तुझ्या पहिल्या गाडीवर मी तुझ्या उजवीकडे बसतो. सिग्नल मी बोलतो, तू चालव."

"मग?"

"ज्याच्या हाताखाली शिकला, तो माणूस असिस्टंट म्हणून बसणार. उठून बसला पलंगावर. म्हणाला, शब्द? मी म्हटलं, शब्द." आबांनी कप दूर सरकवला. "दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर असताना गेला."

भक्ती दाराशी उभी राहून ऐकत होती.

"आपण शांत करून घेऊ," ताई म्हणाली. "गुरुजींना बोलावते. त्याच्या नावानं जे काही असेल ते करू."

"कर. तुझ्या मनाचं समाधान कर. पण सूनबाई, दक्षिणा देऊन शब्द फिटत नाही."

"आबा, माझी पोर त्याच्या हाती लागायला नको. बाकी मला काही नको."

"म्हणून तर आलो."

यापुढचं सांगताना ताई दर वेळी देवघराकडे बघते. आणि मला आता लिहिताना उगाच मागे वळून बघावंसं वाटतंय.

आबांनी आंघोळ केली. इस्त्रीचा शर्ट मागितला. गळ्याला मफलर गुंडाळला. मग म्हणाले, "डबा भर. दोघांचा."

ताईनं विचारलं नाही. पोळ्या, बटाट्याची भाजी, लोणच्याची फोड. दोघांचं.

"आबा, कोणती गाडी लावू?" भक्तीनं विचारलं.

"पॅसेंजर लाव. पहिल्या दिवशी एक्स्प्रेस कोण देतं?"

तिनं गाडी लावली. कॉम्प्युटर डावीकडच्या खुर्चीवर ठेवला, चार्जरला जोडून. पडद्यावर बडोद्याचा फलाट. समोर लांबवर पसरलेले रूळ.

"आबा... बटणं कोण दाबणार?"

आबा गळ्याचा मफलर सारखा करत राहिले.

ताईला राहवलं नाही. "तुम्हाला तर सिग्नल दिसायचे नाहीत. काय सांगाल त्याला?"

"दिसला नाही की लाल धरायचा. नियम आहे."

"मग गाडी हलायची कधी?"

"मला घाई नाही," आबा म्हणाले. "थांबायचं कसं, तेवढंच त्याला शिकवायचं राहिलं होतं."

बाहेर उन्हं लख्ख होती. गच्च्यांवर पोरांचा कालवा. कोणाचा तरी पतंग कापला, "कायपो छे!" ची आरोळी उठली...

आणि मधेच तुटली.

पोरं गप्प. पंखा गप्प. लांबची धडधड गप्प.

आबा उजवीकडच्या खुर्चीसमोर उभे होते. काठी बगलेत, हातात डबा. दटावणीच्या सुरात, पण मायेनं म्हणाले,

"ऊठ, बापू. ती माझी जागा. तू डावीकडे."



मग वेत करकरला. आधी उजवीकडचा...

मग डावीकडचा.

भक्तीनं आईचा हात घट्ट धरला. आबांनी चाचपडत खुर्चीची कड धरली आणि सावकाश बसले. डबा दोन खुर्च्यांच्या मधे खाली ठेवला. मान न वळवता हातानं खूण केली, दार ओढून घ्या.

ताईनं दार ओढून घेतलं.

आत आबांनी घसा साफ केला आणि ते मोठ्यानं म्हणाले, "स्टार्टर लाल. थांब, बापू."